ऑरलँडो, थीम पार्क सोडून: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

मी अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोत राहायला आले त्याला आता अकरा वर्षं झाली. पुण्याहून आई-बाबा पहिल्यांदा आले, तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. लागोपाठ तीन दिवस थीम पार्क. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा एका बाकावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बरा आहे." गुडघे सुजलेले, ऊन डोक्यावर, आणि तिकिटाचे पैसे गेले ते वेगळेच. चौथ्या दिवसाचं काहीच ठरलं नव्हतं, म्हणून अर्ध्या तासावरच्या वेकिवा झऱ्यावर गेलो. आईचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, तुरळचं. गरम पाण्याच्या कुंडापाशी तिचं लहानपण गेलेलं. तिने साडी पोटरीपर्यंत वर धरली, पायऱ्या उतरली, पाण्यात पाय घातला आणि झटकन मागे घेतला. "अगं, हे तर गार आहे!" मग हळूच पुन्हा घातला, आणि तासभर ती तिथून उठली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कुणीही आलं की मी आधी पाणी दाखवते. हे शहरच पाण्यावर बसलेलं आहे. खाली चुनखडीचा खडक. पावसाचं पाणी मुरत जातं, खडक झिजवतं, आत पोकळ्या तयार होतात. वरचं छत खचलं की खड्डा पडतो, तो भरला की तळं होतं. शहराच्या हद्दीतच शंभराहून जास्त तळी आहेत. आणि जिथे हेच भूजल दाबाने वर उसळतं, तिथे झरा. एवढं डोक्यात ठेवलंत की नकाशावर ठिपक्यांसारखी दिसणारी गावं आपोआप जुळत जातात.

थीम पार्कला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मुलं सोबत असतील तर जाच. पण त्यानंतरचे दोन-तीन दिवस हातात ठेवा. त्या दिवसांचं काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

१ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेलं डिस्ने वर्ल्ड मुळात ऑरलँडो शहरात नाहीच. ते शहराच्या मध्यापासून नैर्ऋत्येला साधारण ३० किलोमीटरवर आहे. इंटरनॅशनल ड्राइव्ह नावाचा हॉटेलांनी भरलेला रस्ताही त्याच बाजूला. त्यामुळे आठवडाभर राहूनही बरेच जण खरं शहर न बघताच परत जातात.

तुम्हाला हवं ते सगळं उत्तरेला आणि पूर्वेला आहे. शहराचा मध्य म्हणजे डाउनटाउन. त्याला लागून उत्तरेला मिल्स ५० हा भाग, मग विंटर पार्क, मग ईटनव्हिल. वायव्येला अपॉप्का आणि झरे. पूर्वेला तासाभरावर अटलांटिक महासागर आणि केनेडी स्पेस सेंटर. राहण्याची सोय पूर्ण मुक्कामभर एकाच हॉटेलात करू नका. पार्कचे दिवस संपले की शेवटच्या दोन-तीन रात्री डाउनटाउन किंवा विंटर पार्कच्या बाजूला या. रोजचा जाऊन-येऊन दीड तास वाचतो.

दोन गोष्टींत नवखा माणूस हमखास चुकतो. पहिली, विमानतळ. मोठ्या विमानतळाचा कोड एमसीओ, तिथल्या जुन्या मॅकॉय हवाई तळावरून आलेला. पण स्वस्त तिकिटं काही वेळा सॅनफर्ड विमानतळाची असतात, आणि ते शहराच्या उत्तरेला बरंच लांब आहे. गाडी कुठून घेणार हे ठरवण्याआधी तिकिटावरचा कोड वाचा. दुसरी, आय-४ हा महामार्ग. पाट्यांवर 'ईस्ट' आणि 'वेस्ट' लिहिलेलं असतं, पण शहरातून तो जवळपास दक्षिणोत्तर जातो. डिस्नेकडून शहराकडे यायचं तर 'ईस्ट' धरायचा. सकाळी आणि संध्याकाळी ऑफिसच्या वेळेत तो तुंबतो, तेवढे तास टाळा.

२. वार बघून बेत आखा

हा भाग सोडू नका, सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. ठिकाणं चांगली असतात, आपण चुकीच्या वारी जातो.

सनरेल ही लोकल रेल्वे फक्त सोमवार ते शुक्रवार धावते. लेक अपॉप्काचा पक्ष्यांचा रस्ता फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना उघडतो. विंटर पार्कचं मोर्स म्युझियम सोमवारी बंद असतं. विंटर पार्कचा शेतकरी बाजार शनिवारी सकाळी, आणि डाउनटाउनमध्ये लेक इओलाच्या काठचा बाजार रविवारी. झऱ्यांवर शनिवार-रविवारी सगळं शहर लोटतं, म्हणून तिथे मधल्या वारी जायचं. एका कागदावर सात वार लिहा आणि आधी हे खिळे ठोका, बाकीचं मग बसवा.

महिन्यांचं सांगायचं तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ सगळ्यात छान. जून ते सप्टेंबर रोज दुपारी ढग जमतात आणि विजा कडाडतात. आपल्या वळवासारखा पाऊस, तासा-दीड तासात संपणारा, पण विजा फार वाईट. वीज दिसली की पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढतात, आणि तुम्ही स्वतःहूनच निघायला हवं. म्हणून उन्हाळ्यात उघड्यावरचं सगळं सकाळी ८ ते १२ मध्ये उरका आणि दुपार म्युझियमला द्या. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, त्या काळातलं बुकिंग रद्द करता येईल असंच करा.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:
- पासपोर्ट, व्हिसा आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत. मूळ पासपोर्ट भिजू देऊ नका, झऱ्यावर जाताना हॉटेलच्या तिजोरीत ठेवा.
- भारतातलं वाहन परवाना कार्ड आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर तो मागितला गेला तर वाद घालत बसावं लागत नाही. तो भारतातूनच, आपल्या आरटीओतून काढून आणायचा.
- गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. मुलाच्या कार्डावर बाबांच्या नावाने गाडी मिळत नाही.
- आई-वडील येत असतील तर त्यांचा प्रवासी आरोग्य विमा, आणि औषधांची डॉक्टरांच्या सहीची यादी.

सामान:
- पाण्यात चालतील अशा घट्ट चपला. झऱ्याच्या तळाशी चुनखडीच्या धारदार कडा असतात, स्लिपर वाहून जाते.
- डास पळवणारं मलम, टोपी, सनस्क्रीन.
- दुर्बीण असेल तर नक्की. इथल्या पक्ष्यांसाठी ती लागतेच.
- छोटा थंड डबा. झऱ्यांवर खायला फारसं काही मिळत नाही. आम्ही दडपे पोहे आणि थालीपीठं नेतो, झाडाखाली लाकडी बाकं असतात.
- थोडे सुट्टे डॉलर, रोख.

४. गाडी, टोल आणि रेल्वे

गाडी लागतेच. बस आहेत, पण झऱ्यांपर्यंत त्या नेत नाहीत. आता टोलचं नीट वाचा. ऑरलँडोच्या भोवतीचे बरेच वेगवान रस्ते टोलचे आहेत आणि बहुतेक ठिकाणी रोख घेत नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो. आमच्याकडे आलेल्या मावसभावाने काहीच केलं नाही. परत गेल्यावर दीड महिन्याने त्याच्या कार्डावरून पैसे वळते झाले. टोल थोडाच होता, पण गाडी देणाऱ्या कंपनीचा रोजचा 'सेवा आकार' त्याच्या कितीतरी पट. टोल न लागलेल्या दिवसांचाही लावलेला.

उपाय सोपा आहे. एमसीओ विमानतळावर पाहुण्यांसाठी 'व्हिजिटर टोल पास' मोफत मिळतो. आधी फोनवर त्याचं ॲप घेऊन कार्ड आणि गाडीचा नंबर भरायचा, मशीनमधून पास घ्यायचा, आरशाला अडकवायचा. फक्त प्रत्यक्ष टोलचे पैसे जातात. परतताना गाडी जमा करायच्या जागेजवळच्या पेटीत पास टाकायचा. न्यू जर्सी किंवा आसपासहून येणाऱ्यांनी आपला ई-झीपासच आणावा, तो इथे चालतो. भाड्याच्या गाडीचा नंबर मात्र तेवढ्या दिवसांपुरता आपल्या खात्यात जोडा.

सनरेल स्वस्त आहे, एकाच कौंटीत (कौंटी म्हणजे इथला जिल्हा) २ डॉलर, पुढच्या प्रत्येक कौंटीला १ डॉलर वाढतो. डाउनटाउनच्या चर्च स्ट्रीट स्टेशनवरून विंटर पार्कला उतरलात की समोरच बाग आणि पार्क ॲव्हेन्यू. ज्येष्ठांना हे फार आवडतं, मान वळवून खिडकीतून बघत जाता येतं. दुपारी गाड्या विरळ असतात, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

५. झरे: सकाळी लवकर, मधल्या वारी

वेकिवा स्प्रिंग्स स्टेट पार्कला मी पहिलं ठेवते. डाउनटाउनपासून अर्धा-पाऊण तास. गाडीला ६ डॉलर, आत आठ माणसांपर्यंत चालतं. बागेच्या उतारावरून खाली गेलात की हिरवट निळं पाणी दिसतं. जिथे झऱ्याचं तोंड आहे तिथे वर उभं राहून बघा. तळाची पांढरी वाळू सतत हलत असते, भाताला आधण आल्यावर दाणे खालीवर होतात तशी. रोज सुमारे १६ कोटी लिटर पाणी इथून वर येतं. त्याचं तापमान बारा महिने २२ अंश. त्यामुळे ऑगस्टमध्ये ते बर्फासारखं वाटतं आणि जानेवारीच्या थंड सकाळी त्यावर वाफ दिसते. पाणी जमिनीखालून येतं, वरच्या ऋतूशी त्याचा संबंध नाही. वेकिवा म्हणजे क्रीक या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेत पाण्याचा झरा. आणि पाटीवर कुठे 'व्ही' आहे आणि कुठे 'डब्ल्यू', याने गोंधळू नका. इंग्रजीत झऱ्याचं नाव 'डब्ल्यू'ने लिहितात, नदीचं 'व्ही'ने.

पोहता येत नसेल तरी चालेल. उथळ भाग आहे, पायऱ्या आहेत, नुसते पाय सोडून बसता येतं. पोहता येत असेल तर पाण्यावर पडून राहा आणि कान पाण्यात बुडवा. झऱ्याची घरघर ऐकू येते. अंगात जोर असेल तर होडी भाड्याने घेऊन पुढे नदीत वल्हवत जा. कासवं एका ओंडक्यावर ओळीने बसलेली असतात आणि होडी जवळ आली की एकेक करून डुबुक डुबुक पाण्यात पडतात.

आता फसगत कुठे होते ते. जागा भरली की फाटक बंद करतात. जुलैतल्या एका रविवारी मी अकरा वाजता सहा माणसं घेऊन एका झऱ्यावर पोचले, फाटक लागलेलं. मुलं पोहण्याचे कपडे घालून मागच्या सीटवर, आणि मी गाडी वळवतेय. फाटक सकाळी ८ ला उघडतं, तुम्ही पावणेआठला रांगेत असा. निघण्याआधी त्या-त्या पार्कच्या अधिकृत पानावर त्या दिवशीची सूचना वाचा, नियम बदलत असतात.

जवळच केली पार्क आहे, कौंटीचं. तिथल्या रॉक स्प्रिंग्सचं पाणी खडकातून निघून वळणावळणाने वाहतं, आणि लोक हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर बसून त्या प्रवाहाबरोबर खाली येतात. शाळकरी मुलांना थीम पार्कमधल्या कृत्रिम नदीपेक्षा हे जास्त आवडतं, माझ्या दोन्ही भाच्यांनी तसं स्वतःहून सांगितलं. ट्यूब आत भाड्याने मिळत नाही, बाहेरच्या रस्त्यावरच्या दुकानांतून घेऊन जायची.

हिवाळ्यात आलात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत, तर ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क चुकवू नका. ऑरेंज सिटी गावात, उत्तरेला पाऊण तासावर. थंडी पडली की सेंट जॉन्स नदीचं पाणी गार होतं आणि मॅनेटी, म्हणजे म्हशीएवढे संथ, गवत खाणारे पाणप्राणी, झऱ्याच्या उबेला आत येतात. जितकी कडक थंडी तितकी गर्दी जास्त, एकाच सकाळी शेकडो. लाकडी पुलावरून चालत जायचं आणि कठड्यावरून खाली बघायचं. पाणी काचेसारखं. बाबांनी तिथे एक पिल्लू आईच्या काखेशी चिकटून दूध पिताना पाहिलं. ते पाच मिनिटं कठडा धरून उभे होते आणि गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. या काळात तिथे पोहायला बंदी असते, ती योग्यच आहे.

मगरींबद्दल सगळे विचारतात. फ्लोरिडात गोड्या पाण्याच्या प्रत्येक तळ्यात ॲलिगेटर आहे असंच धरून चाला. पोहायला आखून दिलेल्या जागेतच उतरा. हॉटेलमागच्या तळ्याच्या काठावर लहान मुलांना संध्याकाळी किंवा पहाटे खेळू देऊ नका. आणि मगरीला खायला टाकणं हा गुन्हा आहे. माणसाची भीती गेलेली मगर शेवटी मारावी लागते.

६. विंटर पार्क: पूर्ण दिवस द्या

हे वेगळं शहर आहे, ऑरलँडोला चिकटलेलं. जुनी ओकची झाडं रस्त्यावर कमान करतात आणि त्यांच्या फांद्यांवरून स्पॅनिश मॉसच्या करड्या जटा लोंबतात. सकाळी आधी मोर्स बुलेव्हार्डच्या टोकाला जा. तिथून १९३८ पासून एक तासाची होडीची सफर निघते. सकाळी १० ते दुपारी ४, दर तासाला. आधी जागा राखून मिळत नाही, येईल त्याला मिळेल. म्हणून पहिली फेरी गाठा. रोख पैसे जवळ असू द्या.

सपाट तळाची उघडी होडी तीन तळ्यांतून जाते आणि मध्ये अगदी अरुंद कालवे लागतात. लाकूडतोड्यांनी १९व्या शतकात ओंडके वाहून न्यायला ते खणले. कालव्यात दोन्ही बाजूंनी केळी, बांबू आणि नेचे अंगावर येतात, हात लांब केला तर पानाला लागतो. आमच्यासोबत आलेल्या सावंतवाडीच्या काकू म्हणाल्या, "आमच्या परसात आल्यागत वाटतंय." काठावर श्रीमंतांचे बंगले आहेत आणि होडीवाला त्यांच्याबद्दल बरंच सांगतो, पण माझं लक्ष सर्पपक्ष्याकडे जातं. तो पंख पसरून ओंडक्यावर वाळवत बसतो, अगदी भिगवणला बसतो तसाच.

दुपारी ऊन चढलं की पार्क ॲव्हेन्यूवरच्या मोर्स म्युझियममध्ये शिरा. लुई कम्फर्ट टिफनी या अमेरिकन कलाकाराच्या रंगीत काचकामाचा जगातला सगळ्यात परिपूर्ण संग्रह इथे आहे. त्यातलं छोटं प्रार्थनागृह त्याने शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलं होतं. ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि विवेकानंद बोलले, तेच हे. टिफनीचं घर १९५७ मध्ये जळालं, तेव्हा ह्यू आणि जेनेट मॅकीन या दांपत्याने तिथे उरलेल्या काचा आणि खांब विकत घेऊन वाचवले. म्हणून ते प्रार्थनागृह आज फ्लोरिडात आहे. आत बाकावर दहा मिनिटं गप्प बसा. डोळे सरावले की मोझेकचा एकेक तुकडा वेगळा चमकायला लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल शुक्रवारी संध्याकाळी ४ ते ८ प्रवेश मोफत असतो. रविवारी दुपारी १ नंतरच उघडतं.

जाता जाता लेक रोझ. पर्यटकांच्या यादीत ते नसतं आणि बघायला म्हटलं तर एक साधं तळं. पण ८ मे १९८१ च्या संध्याकाळी तिथे जमीन खचायला लागली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शंभर मीटरहून रुंद खड्डा झाला. एक घर, दुरुस्तीला आलेल्या पाच पोर्शा गाड्या आणि पोहण्याच्या तलावाचा काही भाग आत गेला. सुरुवातीला चुनखडीचं सांगितलं ना, ते इथे उभं राहिलं की पायाखाली जाणवतं.

७. शहराच्या मध्यात: एक सकाळ आणि एक जेवण

लेक इओलाला सकाळी जा. भोवती साधारण दीड किलोमीटरची फरसबंद वाट, मध्ये कारंजं, पाण्यात खरे हंस आणि हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या. हंसांना पाव घालू नका. आजी-आजोबांची रोजची फेरी चुकत नाही, हा या जागेचा मोठा फायदा. पुढे लू गार्डन्स, जवळजवळ ५० एकरांची बाग, कॅमेलियाच्या फुलांसाठी नावाजलेली. ती हिवाळ्यात फुलतात, इतर वेळी तिकीट काढून जाल तर थोडी निराशा होईल.

जेवायला मिल्स ५० मध्ये या. मिल्स ॲव्हेन्यू आणि राज्य मार्ग ५० जिथे मिळतात तो हा भाग. १९७५ नंतर व्हिएतनाममधून आलेल्या कुटुंबांनी इथे दुकानं आणि खाणावळी थाटल्या. भिंतींवर चित्रं, विजेच्या पेट्यासुद्धा रंगवलेल्या. शाकाहारी मंडळींनी मेनूत 'चाय' हा शब्द शोधावा. आपला चहा नव्हे, व्हिएतनामीत त्याचा अर्थ शाकाहारी. 'फो चाय' म्हणजे भाज्या आणि टोफू घातलेलं नूडल्सचं सूप. तरीही रस्सा कशाचा आणि माशाचा सॉस घातलाय का, हे विचाराच. मी विचारते आणि आजवर कुणी वाईट मानलेलं नाही.

भारतीय जेवणासाठी अडून राहू नका, ते शहरात सगळीकडे मिळतं. देवदर्शन हवं असेल तर कॅसलबेरीला हिंदू सोसायटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाचं मोठं मंदिर आहे.

८. ईटनव्हिल आणि लेक अपॉप्का

विंटर पार्कहून दहा मिनिटांवर ईटनव्हिल. १५ ऑगस्ट १८८७ रोजी कृष्णवर्णीयांनी स्वतःचं म्हणून स्थापन केलेलं गाव, अमेरिकेतल्या अशा पहिल्या गावांपैकी एक. गुलामगिरी संपून तेव्हा पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. लेखिका झोरा नील हर्स्टन इथेच वाढल्या. त्यांच्या नावाचं छोटं म्युझियम आहे, आणि जानेवारीत त्यांच्या नावाने उत्सव भरतो. दिखाऊ असं काही नाही. तासभर पुरतो, पण तो तास द्या.

लेक अपॉप्काच्या काठाने ११ मैलांचा एकेरी रस्ता जातो. फुकट, गाडीतून न उतरता. सकाळी ७ ला उघडतो, दुपारी ३ नंतर आत सोडत नाहीत. १९४० च्या दशकापासून इथे दलदल आटवून शेती झाली आणि खतं-कीटकनाशकांनी तळं मेलं. मग सरकारने जमिनी विकत घेऊन पाणी परत आणलं. आज इथे ३६० हून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. एकदा आत शिरलात की मधून परत वळता येत नाही, स्वच्छतागृह आधी उरकून घ्या. ताशी १० मैलांची मर्यादा आहे, दोन-अडीच तास सहज जातात.

९. पूर्वेला, समुद्राकडे

केनेडी स्पेस सेंटरला पूर्ण दिवस लागतो आणि तिकीट महाग आहे. तरी मी जाच म्हणते. ३३ मोहिमा करून आलेलं अटलांटिस यान तिथे तिरकं टांगलेलं आहे, दरवाजे उघडे, जणू अजून अवकाशातच आहे. पण मी ज्यासाठी परत परत जाते, ती त्याच इमारतीतली एक शांत खोली. चॅलेंजर आणि कोलंबिया या दोन यानांच्या अपघातांत गेलेल्या चौदा अंतराळवीरांच्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. कल्पना चावला त्यातल्याच एक. १ फेब्रुवारी २००३ ला ती बातमी आली तेव्हा मी कॉलेजात होते. कोलंबियाच्या खिडक्यांच्या जळालेल्या चौकटी समोर बघितल्या तेव्हा मला बोलता आलं नाही. मुलांना आत नेण्याआधी हे काय आहे ते सांगा. सॅटर्न ५ रॉकेट बघायला आतून बस जाते, ती फेरी दुपारपर्यंत ढकलू नका.

उन्हाळ्यात आलात तर त्याच बाजूची रात्र सोडू नका. टायटसव्हिलजवळच्या मॉस्क्विटो लगून या खाडीत साधारण जून ते ऑक्टोबर पाणी चमकतं. एकपेशीय सूक्ष्मजीव असतात, पाणी हललं की निळा उजेड देतात. वल्हं मारलं की निळी रेघ, मासा पळाला की निळा बाण, ओंजळ वर उचलली की बोटांमधून ठिणग्या गळतात. मालवण-रत्नागिरीकडे काही वेळा लाटा अशा चमकतात, ज्यांनी ते पाहिलंय त्यांना इथे संथ पाण्यात ते जवळून बघता येईल. चांदणं असलं की काही दिसत नाही. कालनिर्णय काढा, अमावास्येच्या आगेमागे चार दिवसांत बुकिंग करा. लोक पौर्णिमेला 'छान वाटेल' म्हणून जातात आणि पैसे घालवून येतात. वाटाड्यासोबतच जा, एकटे नाही. आणि डासांचं मलम लावा. खाडीचं नाव उगाच पडलेलं नाही. ऑरलँडोच्या ऑरेंज कौंटीचं नावही १८४५ पर्यंत मॉस्क्विटो कौंटीच होतं.

१०. तीन दिवसांची मांडणी

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे दिवस मिळाले तर मी असं करेन. गुरुवारी पहाटे निघून वेकिवा, हिवाळा असेल तर ब्लू स्प्रिंग. दुपारी विश्रांती, रात्री मिल्स ५०. शुक्रवारी सनरेलने विंटर पार्क, दहाची होडी, दुपारी जेवण, मग म्युझियम (नोव्हेंबर ते एप्रिल असेल तर चारनंतर). परतीची शेवटची गाडी आधीच टिपून ठेवा. शनिवारी सकाळी ७ ला लेक अपॉप्का, येताना ईटनव्हिल. चौथा दिवस असेल तर केनेडी.

विमान रविवारी दुपारचं असेल तर सकाळी लेक इओलाला एक फेरी होते आणि तिथल्या बाजारात मधाची एखादी बाटली घेता येते. ती चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या बॅगेतून काढून घेतात. गाडी जमा करताना आरशाला अडकवलेला टोल पास तेवढा आठवणीने पेटीत टाका.